म्हसोबापासून पांढऱ्या दगडापर्यंत

आक्काचं सासर डोंगरावर. बार्शीच्या पूर्वेला बालाघाटाची एक रांग उठते, तिच्या अगदी धारेवर पन्नास-साठ घरांचं गाव. मारुतीच्या देवळाच्या पश्चिमेला पडलेला पाऊस इंग्रजी मुलखात वाहून जायचा आणि पूर्वेला पडलेला निजामाच्या मुलखात, म्हणजे आमच्या तोंडी मोगलाईत. हे मला आक्काच्या सासऱ्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि अशा थाटात सांगितलं की वाटावं, पाऊस त्यांनी स्वतः बसून वाटून दिलाय. गाव मात्र सगळं मोगलाईत धरलेलं. एवढ्या लांब, एवढ्या उंच लेक का दिली, हे वडिलांना विचारायचं धाडस आमच्या घरात कुणाला झालं नाही. वडील रेल्वेत होते. जन्मभर रुळाच्या कडेनं राहिलेल्या माणसाला रूळ नसलेल्या गावाची भूल पडत असावी, याहून दुसरं कारण मला आजवर सुचलेलं नाही. ते वारले तेव्हा आक्काला कळायलाच चार दिवस लागले.

त्या गावाला वाटा दोन. पूर्वेची गाडीवाट लांबून लांबून मोगलाईतल्या बाजारगावाला उतरायची. तिच्यावर निजामाचा जकातीचा नाका, तिथं गाठोडी सोडायची, पुन्हा बांधायची, एक मुक्काम करायचा, मग बार्शीची छोटी आगगाडी धरून सगळा डोंगर वळसा घालून परत आमच्याकडं यायचं. दोन दिवस, आणि गाडीवाट अशी की सुपातले दाणे निवडून निघावेत. पश्चिमेची वाट म्हणजे घाट. तीन कोस, निव्वळ पायवाट, दगडांच्या पायऱ्या, दोन ठिकाणी ओढा. चालता माणूस सकाळी निघाला तर दुपारी बार्शीच्या रस्त्याला लागायचा. शिवाय ही गोष्ट घडली त्या वर्षी एक नवल झालं होतं. आमच्या बाजूनं लोकल बोर्डाचा रस्ता घाट चढत चढत जवळजवळ निम्म्यापर्यंत आला होता. मोगलाईची हद्द लागली म्हणून तो एका चुना फासलेल्या दगडाशी थांबला, पण तिथवर बैलगाडी जात होती.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, कुर्डुवाडीच्या स्टेशनात नोकरीला. माझं काम असं, की मोठ्या रुळाची गाडी आली म्हणजे तिच्यातला माल उतरवायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या बार्शीच्या छोट्या गाडीत चढवायचा. चढवायचे हमाल. मी कानाला पेन्सिल लावून उभा. पण दोन-तीन वर्षं असं उभं राहिल्यावर माझी ठाम समजूत झाली होती की जगात एका वाहनातून दुसऱ्या वाहनात काही घालायचं असेल तर माझ्याइतकं त्यातलं कुणाला कळत नाही.

आक्काचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. रीतच आहे. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरचा मुराळी जातो आणि लेकीला घेऊन येतो. मुराळी मीच होतो. पण ते दिवस आले श्रावणात. घाटाचा एक तुकडा वाहून गेला होता, दोन्ही ओढे फुगलेले. मी पायथ्यापर्यंत गेलो, एका खोपीत दोन दिवस बसलो आणि भिजलेली टोपी पिळत परत आलो. पोर वरच झालं. मुलगा होता म्हणतात. एक दिवस जगला. आक्कानं त्याबद्दल आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

दीड-दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिचा निरोप आला. तिच्या गावचा माणूस बार्शीच्या बाजाराला उतरला होता, त्यानं तो छोट्या गाडीच्या गार्डाला सांगितला, गार्डानं मला. निरोप एवढाच : "औंदा मला न्या. हितं नको."

आईनं तो निरोप माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. मग म्हणाली, "ह्या खेपेला पोर जितं मांडीवर घ्यायचंय मला. कसं आणायचं ते तू बघ. रेल्वेत हायस ना?"

रेल्वेत होतो, म्हणून मी बघितलं. बार्शीत एका म्हाताऱ्या गाडीवानाला गाठलं. दाढीला मेंदी लावलेला, उर्दू आणि मराठी एकाच तोंडात चघळणारा माणूस. त्यानं कडबा अंथरून गाडी पांढऱ्या दगडाशी आणून उभी करायची. आक्काच्या सासऱ्यांना उलट निरोप धाडला की गावकीची डोली तयार ठेवा. ही डोली म्हणजे उलटी केलेली बाज आणि तिला बांधलेले दोन वासे. गावात कुणी आजारी पडलं, बाई अडली, की आठ माणसं ती खांद्यावर घेऊन घाट उतरायची. घरटी माणूस द्यायची रीत होती, कुणाला बोलवावं लागत नसे. डोली वरून येणार, गाडी खालून येणार. बार्शीहून दुपारची छोटी गाडी. माझ्या डोक्यात सगळं चोख बसलं होतं.

माघ संपत आला होता. मी आदल्या दिवशी घाट चढून गेलो. ज्वारी काढायला आलेली, सगळं गाव रानात. आक्का अंगणात बसून शेंगा फोडत होती. मला बघून उठायला लागली आणि अर्ध्यातच पुन्हा बसली. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले.

"आलास व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं पायथ्यावनंच माघारी जातुयास का काय."

असं ती हसत हसत म्हणाली. मीही हसलो.

रात्रीच्या जेवणाला आक्काची सासू वाढत होती. ती म्हणाली, "येवडं डोली न् गाडी कशाला? आमी नवव्या म्हैन्यात जळणाचा भारा डोक्यावर घिऊन ह्योच घाट उतरलोय."

"मावशी, तुमची गोष्टच वेगळी," मी म्हणालो. तिला ते आवडलं. तिनं मला आणखी एक भाकरी वाढली, ती मला नको होती.

दाजी, म्हणजे आक्काचे मालक, फार कमी बोलणारा माणूस. जेवून हात धुताना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "म्या येतू उद्या. मदलं तेवडं..."

"दाजी, तुम्ही कशाला?" मी म्हणालो. "ज्वारी उभी आहे रानात. सगळं जमवलंय मी. डोलीतून उतरायचं, गाडीत बसायचं, झालं."

"न्हाय, पर मदलं..."

"अहो, रोज तेच करतो मी. शंभर शंभर पोती इकडची तिकडं घालतो."

दाजी हात पुसून आत गेले. त्यांचं वाक्य मी दोनदा तोडलं. स्टेशनात ती खोडच लागते, तिथं कुणाचंच वाक्य पुरं होईस्तोवर गाडी थांबत नाही. त्यांना वाटलं असणार, पाव्हण्याला ठाऊक आहे. मी घाट चार-पाचदा चढलो-उतरलो होतो, तेव्हा ठाऊक असायलाच हवं होतं. पण मोकळ्या हातानं चढणं-उतरणं निराळं, हे मला कुठं माहीत.

सकाळी उन्हं वर आल्यावर निघालो. डोलीत वाकळ घातलेली, आक्का एका कुशीवर. आठ माणसं, चारचार आळीपाळीनं. उतार भारी, पण त्यांचे पाय असे पडत होते की डोलीत भरलेला तांब्या ठेवला तरी सांडू नये. तोंडं मात्र चालूच.

"पाव्हणं, तुमच्या आगगाडीला आसली गादी आसती का वो?"

"नाही बुवा."

"मग तिकीट कशाचं घेता?"

"आरं, तिला चाकं आसत्यात," दुसरा म्हणाला. "चाकाला काय समजतंय आत वैनी हाय का पोतं हाय ते."

आक्का आतून हसली. पोट धरून हसली. मी पुढं चालत होतो, मधूनमधून वळून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. त्यांना त्याची काही गरज नव्हती. मला होती.

दोन ओढे झाले. निम्मा घाट झाला. एका सपाटीवर शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड आहे, त्याच्याशी आल्यावर आठही माणसांनी डोली हळूच खाली ठेवली, म्हसोबाला हात जोडले आणि चंच्या सोडून तंबाखू मळायला घेतली. मीही बसलो. जरा वेळानं बघतो तर एक जण डोलीचे वासे सोडतोय.

"अहो, हे काय? दमलात का?"

"दमलू न्हाय," तो म्हणाला. "पोचलू."

"गाडी तर पुढं आहे. पांढऱ्या दगडाशी."

"आसंल की."

त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. लहान पोराला समजवावं तसं त्यानं मला समजावलं. म्हसोबापासून त्या पांढऱ्या दगडापर्यंत अर्धा मैल. वरचं गाव म्हणायचं हे माळरान आमचं, खालचं गाव म्हणायचं आमचं. त्याच्या आज्याच्या वेळेला त्यावरून मारामाऱ्या झाल्या, दोन माणसं मेली. मग दोन्ही गावांनी एकत्र येऊन ह्याच म्हसोबावर हात ठेवून शपथ घेतली. या तुकड्यात कुणी ओझं, बैल आणि नांगर घालायचा नाही. गवताची काडी न्यायची नाही.

"मोकळं मानूस जातंय येतंय. त्येला कोन काय म्हनत न्हाय," तो म्हणाला. "पर खांद्याला वझं लावून गेलू, की आमी रान आमचं म्हटल्यागत झालं. उद्या सकाळी खालच्या गावची कुऱ्हाडी घिऊन येत्याल."

"मग अडलेली बाई? आजारी माणूस?"

"ते घरचं मानूस नेतंय की. कडंवर घ्या, पाटीवर घ्या, कसं बी. घरच्याला शपत न्हाय. त्येच्यासाठी धनी येतुया संगं." तो इकडं तिकडं बघायला लागला. "धनी कुटं ऱ्हायला?"

"मीच नको म्हणालो त्यांना," मी म्हणालो.

 मग मघाचा चाकावरून बोलणारा हसला आणि म्हणाला, "मग आता तुमीच घरचं मानूस."

माझ्या जंक्शनात मोठी गाडी आणि छोटी गाडी समोरासमोर उभ्या राहतात. मधे चार हात फरशी. दोन वाटा जिथं भेटतात तिथं त्या भेटलेल्याच असतात, अशी माझी समजूत. एक वाट इथं संपते, दुसरी तिथं सुरू होते आणि मधला अर्धा मैल कुणाचाच नसतो, हे माझ्या नोकरीत बसणारं नव्हतं. मी त्यांना विनवलं. ओरडलो. गावकीला बोल लावला, सरकारला लावला, म्हसोबालाही लावला असेन. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी आक्काच डोलीतून उठून बसली.

"पुरं कर," ती म्हणाली. "त्यांच्यावर कशापायी डाफरतुयास? मी चालती."

ती चालली. शंभर पावलं चालली असेल, माझ्या खांद्यावर हात टाकून. मग बसली. वाट म्हणजे नुसती मुरमाची घसरण, मधे काळे दगड. बसलेली उठेना. तेव्हा मी तिला उचललं. माझी अंगकाठी कशी आहे ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. स्टेशनातले हमाल मला म्हणायचे, साहेब, वाऱ्याच्या बाजूला उभे राहू नका. आक्का माझ्या दीडपट, आणि वर आठवा महिना. पाठीवर घेता येईना, पोट मधे यायचं. दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि वीस पावलं चाललो. ठेवली. पुन्हा घेतली. पंधरा चाललो.

आठांतले चार जण माझ्याबरोबर आले होते. मोकळ्या माणसाला मनाई नाही ना. दोघं ह्या बाजूनं, दोघं त्या बाजूनं. आक्काला चुकून हात लागू नये म्हणून चौघांनीही हात पाठीमागं बांधलेले. पायानं वाटेतले दगड बाजूला सारायचे आणि सल्ले द्यायचे.

"पाव्हणं, डावा पाय आदी."

"आवो, दम धरू नगा, सोडा दम."

"टाच रवा, टाच!"

"वैनी, गळ्यात हात टाका त्येंच्या. भाऊच हाय, लाजता काय."

आणि आक्का हसतेय. घामानं ओली, तोंड पांढरं पडलेलं आणि हसतेय. "खाली ठिव मला, मुडद्या. तूच बाळंत हुशील."

तिसऱ्यांदा उचलली तेव्हा माझा पाय मुरमावरून गेला. मी गुडघ्यावर आलो आणि ती माझ्या हातातून सुटून एका दगडावर बसली. पडली नाही, बसली. पण जोरात बसली. "आई गं," एवढंच म्हणाली. त्या चौघांचे हात एकदम पुढं आले. मी ते बघितले. आठ हात, पंजे उघडलेले, आक्काच्या अंगापासून वीतभर लांब. आणि मग ते एकेक करून पुन्हा मागं गेले.

आरडाओरडा ऐकून पुढच्या वळणावरून गाडीवान आला. त्याला तोवर आम्ही दिसतच नव्हतो, डोंगराची एक सोंड आडवी होती. त्यानं आधी चाकांखाली धोंडे लावले, बैल सोडून झाडाला बांधले आणि मग हात हलवत वर आला. चौघांचे बांधलेले हात त्यानं एकदा बघितले. "क्या तमाशा लगाया," म्हणाला. "मैं तो किसी गाँव का नइं." आक्काला "चलो बेटी" म्हणाला आणि मला मराठीत म्हणाला, "तुमी आपली टोपी सांबाळा सायब, ती पडली मागं." मग त्यानं आणि मी मनगटं धरून हातांची खुर्ची केली. आक्का तिच्यावर बसली आणि आम्ही पांढऱ्या दगडापर्यंत पोचलो. दुपारची गाडी बार्शीहून निघून गेली होती. आम्ही संध्याकाळची धरली. रात्री जेवणाच्या वेळेला कुर्डुवाडीत घरी.

ही गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगितली आहे. पोरांना ती फार आवडते. चौघांचे हात मागं बांधून मी स्वतः चालून दाखवतो, दाजींच्या गावची बोली काढतो. टोपीचं वाक्य आलं की हशा होतो, आणि तिथं गोष्ट संपते. लोकांना वाटतं, तिथंच ती संपली. पुढचं मी कधी सांगितलं नाही.

पुढचं थोडंच आहे. तीन दिवस आक्का बरी होती. आईच्या हातचं पिठलं-भात खाल्ला. आईनं तिला तेल लावलं, डोक्यावरून पाणी घातलं. चौथ्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागलं. मी धावत जाऊन रेल्वेच्या दवाखान्यातल्या बाईंना घेऊन आलो. दुपारी पोर झालं. मेलेलं. पुन्हा मुलगाच.

मी बाहेर पडवीत बसलो होतो. आत आईचा आवाज आला आणि मला कळलं. त्या वेळी मला काय वाटलं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते असं, की पडवीत एक तांब्या पालथा पडलेला होता. तो उभा करावा की नाही, याचा मी बराच वेळ विचार करत होतो.

बाईंना परत पोचवायला मी गेलो. शांत, मध्यम वयाच्या बाई. रुळाच्या कडेनं चालता चालता त्यांनी विचारलं, "तुमच्या आई म्हणतात ते काय, घाटात पडल्या होत्या का त्या?"

मी म्हसोबापासूनचं सगळं सांगितलं. अर्धा मैल, मुरूम, दगड. तेव्हा हसून नाही सांगितलं.

त्या थांबल्या. म्हणाल्या, "त्यानं काही झालेलं नाही. पोर आठ-दहा दिवसांपूर्वीच गेलेलं होतं. कातडी बघितली की कळतं. तुम्ही तिथं जायच्या आधीच. हे त्यांना सांगा घरी, उगीच मनाला लावून घेतील."

मी हो म्हणालो. त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं. परत येताना मला वाटत होतं, आता आपण सुटलो. सुटल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला काहीच वाटत नव्हतं. मालगाडीचे डबे मोजत उभा राहिलो आणि मग घरी आलो.

घरी आई मला बघताच म्हणाली, "दगडावर आपटलीस तिला. तुझ्या हातनं गेलं." तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आत आक्का निजलेली आणि दार उघडं. तिच्यासमोर "आठ-दहा दिवस" हा शब्द कसा उच्चारायचा, हे मला जमलं नाही. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो होतो. ती आढ्याकडं बघत होती. आपणच बोलली.

"तुला ठावं हाय का, तू मला तिसऱ्यांदा उचललीस ना, तवा त्यानं आतनं कसली लाथ मारली. तुझ्यावर चिडलं आसंल. गाडीत बी मारत हुतं. बार्शीपातूर." मग म्हणाली, "पैल्याचं मला कायबी ठावं न्हाय. ताप हुता. ह्येचं तेवढं ठावं हाय."

मग मी कसं सांगणार? बाईंचं खरं धरलं तर त्या लाथा कुणाच्या? ते पोर आपल्या आईबरोबर घाट उतरून माहेरी येत होतं आणि वाटेत मामावर चिडलं, एवढीच त्याची सगळी हकिकत होती. ती मी तिच्याकडून काढून घ्यायची आणि स्वतः सुटायचं. हे मी फार मोठ्या मनानं टाळलं असं कुणी समजू नये. मला शब्द सापडले नाहीत, हेच खरं. शब्द सापडत नाहीत म्हणून दिवस गेले, आणि दिवस गेले की सांगायची गोष्ट सांगायची राहून जाते.

आठ दिवसांनी दाजी आले. त्यांना आईनं सगळं सांगितलं. ते उंबऱ्याजवळ बसून ऐकत होते. मला वाटलं, आता हे मला बोलतील. मी तयारही होतो. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "म्या यायला पायजे हुतं. म्या जरा जोर करून म्हनलू न्हाय."

तेव्हाही मी गप्प बसलो.

त्यानंतर आक्का बाळंतपणाला माहेरी आली नाही. पुढची मुलगी वरच झाली, डोंगरावर, काही त्रास न होता. तिच्या मागचा मुलगाही. सासू म्हणाली असेल, मी म्हटलं नव्हतं का. आई तीन वर्षांपूर्वी वारली. तिनं मला त्या दगडाबद्दल पुन्हा कधी टोचलं नाही, पण कुणाचं पोर पडलं असं कानावर आलं की तिची नजर माझ्याकडं यायची. तिला काही म्हणायचं नसायचं. नजर सवयीनं यायची.

बोर्डाच्या रस्त्यावरून आता पांढऱ्या दगडापर्यंत सर्व्हिस मोटार जाते. मधला अर्धा मैल अजून तसाच आहे. दोन्ही गावांना तो नीट ठाऊक आहे, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आक्काच्या मुलीचं लग्न झालं, वरच. दुपारची जेवणं झाली, मांडवात सगळे लवंडले होते. पोरांनी नेहमीप्रमाणं मला धरलं आणि मी नेहमीप्रमाणं सुरुवात केली. हात पाठीशी बांधून मांडवातून चाललो. डोली वाहणाऱ्यांपैकी दोन म्हातारे तिथंच बसलेले, तेही हसून हसून खोकायला लागले. टोपीचं वाक्य म्हटलं आणि मी बसणार, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आक्का बोलली. इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदाच.

"आन् ते आतनं सारखं लाथा मारत हुतं," ती म्हणाली. "ह्येच्यावर चिडून."

 नव्या पोरांना काही कळलं नाही. दाजी खांबाला टेकून बसले होते, त्यांनी उगीच उपरण्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. आक्का माझ्याकडं बघत होती. मी काहीतरी बोलावं, असं तिला हवं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "मला बी लागली की एक. हितं, मनगटाला."

"बघा!" आक्का बायकांना म्हणाली. "म्या म्हनत हुते का न्हाय?"

ती समाधानानं उठली आणि वरमाईच्या चहाचं बघायला आत गेली. इतर बायकाही उठल्या. माझ्या मनगटाला काही लागलेलं नव्हतं. घाटात त्या दिवशी लागलं होतं ते फक्त माझ्या गुडघ्यांना.

दाजी मांडवाबाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते मारुतीच्या पाराशी उभे होते. मी त्यांना सुपारी दिली, त्यांनी घेतली. खाली घाट दिसत होता. "दाजी," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य मलाच पुरं करता आलं नाही. त्यांनी वाट बघितली. त्यांना वाट बघायची सवय आहे. मग आतून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथं लिहिलं. दाजी, रेल्वेच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या की पोर आठ-दहा दिवस आधीच गेलेलं होतं. तुम्ही आला असता तरी तेच झालं असतं. दाजी श्रावणात पोथी वाचतात, त्यांना छापील अक्षर वाचता येतं, म्हणून हे छापायला दिलं. आक्काला वाचता येत नाही. त्यांनी हे आपल्यापाशी ठेवावं, तिला वाचून दाखवू नये.